गोट्याची गाडी

दगडानं गाडीचा रंग नेमका कुठून उडतो हे पाहण्यासाठी मी एकदा सरकारी रस्त्याला चुना फासला होता. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा ते काम मी फार गंभीरपणे केलं. खोड लहानपणापासूनचीच. घड्याळ का थांबलं, दूध का नासलं, शेजारणीनं बोलणं का टाकलं, सगळ्याचं मूळ मला खणून काढायचं असे. वडील मला 'खोदकाम खातं' म्हणत. नर्सचं शिक्षण संपवून मी चांद्याच्या जंगलात नोकरीला निघाले तेव्हा त्यांना वाटलं, तिथं तरी ही खोड जिरेल. तिथं ती वाढली.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत, आणि गडचिरोली ही चांद्यातली एक तहसील होती. आमचा फिरता दवाखाना म्हणजे एक पिकअप गाडी, तिच्या पाठीवर ताडपत्रीचं छप्पर, आत औषधांच्या दोन पेट्या आणि एक बाकडं. पुढे ड्रायव्हर आणि मी. डॉक्टर गडचिरोलीत बसत, दर खेपेला त्यांना निघता येत नसे. पंधरा दिवसांतून एकदा आम्ही धानोऱ्याच्या रस्त्यानं जायचो, ठरलेल्या झाडांखाली गाडी उभी करायचो, आणि आतल्या गावांतली माणसं रस्त्यावर येऊन औषध घेऊन जायची. खरूज, हिवताप, कुऱ्हाडीच्या जखमा, देवीची लस आणि गरोदर बायका, हे आमचं काम.

गाडी डिस्पोजलची होती. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या गाड्यांना सगळे डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. मूळची ती हिरवी. आमचे ड्रायव्हर वरोऱ्याकडचे, पन्नाशीला आलेले, बोलायला कमी आणि गाडीच्या बाबतीत अगदी सोवळ्यातले. गाडी ताब्यात आली तशी त्यांनी दवाखान्याच्या दारं-खिडक्यांना लावून उरलेला निळा ऑइलपेंट मागून आणला आणि ब्रशनं दोन हात देऊन तिला निळी केली. जवळून ब्रशचे ओघळ दिसत, पण ते कोणी बोट ठेवून दाखवलेले त्यांना खपत नसत. दाराला कोणी टेकून उभं राहिलं तर ते नुसते त्याच्याकडे बघत, आणि तो माणूस आपणहून बाजूला होई. मी त्यांना भाऊ म्हणायची आणि ते मला बाई.

हा निळा रंग नुसता हौसेचा नव्हता. त्या रस्त्यानं बांबूच्या कंत्राटदारांचे ट्रक जात, जंगलखात्याच्या जीप जात. त्या गाड्या थांबल्या की कोणाला तरी कामाला चल म्हणत, कोणाच्या तरी मोळीची चौकशी करत. त्यामुळे इंजिनाचा आवाज आला की रस्त्याकडेची माणसं झाडांत सरकायची आणि गाडी पुढे गेली की बाहेर यायची. आमच्या गाडीला मात्र माणसं सामोरी येत. आमचा रंग निळा आणि त्यांचा हिरवा नाहीतर खाकी, म्हणून आम्ही ओळखू येतो, असं मी धरून चालले होते. भाऊही तसंच समजत. कोणाला विचारायची गरजच वाटली नाही.

रस्ता मुरमाचा, आणि त्या वर्षी त्यावर मैलोगणती गिट्टी पसरून ठेवलेली. रोलर येणार होता. तो आमच्या डोळ्यांदेखत कधी आला नाही. गाडीनं जरा वेग घेतला की चाकाखालची गिट्टी उडून पत्र्यावर आपटायची. दाराखालची पायरी म्हणजे आतून पोकळ असा पत्र्याचा लांब डबाच होता, त्याच्यावर दगड बसला की टण्ण करून वाजे. एकामागून एक टण्ण, टण्ण, टण्ण. धानोऱ्याला पोचेपर्यंत माझं डोकं ठणकायला लागे. म्हणून मी पेटीतला कापूस काढून दोन्ही कानांत बोळे घालून बसायची. रंगाची गोष्ट सांगताना हे कापसाचे बोळे मधे कशाला, असं वाटेल, पण ते लक्षात असू द्या.

ती बाई मला पहिल्यांदा भेटली ती पौषात, एका मोठ्या मोहाच्या झाडाखालच्या आमच्या थांब्यावर. गोंडाच्या घरची, विशी-बाविशीची, रस्त्यापासून कोस-दीड कोस आत, टेकडीच्या पल्याडच्या गावातली. पाचवा महिना होता. आधीची दोन्ही मुलं गेलेली. दोन्ही वेळेला शेवटच्या महिन्यात अंगावर सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि झटके आले. पहिलं मूल जन्मलं आणि गेलं, दुसरं पोटातच. दुसऱ्या वेळी तीही जाता जाता राहिली. हे तिनं मोडक्या मराठीत इतकं शांतपणे सांगितलं की मीच पेटीवर बसून राहिले.

तिसऱ्या वेळी काय होणार हे मला लख्ख दिसत होतं. वेळेवर सूज कळली, लघवी तपासत राहिलं आणि दिवस भरत आले की तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं, तर दोघं वाचण्याची आशा होती. नाहीतर नव्हती. मी तिला म्हटलं, दर खेपेला रस्त्यावर यायचं, एकही चुकवायची नाही, आणि नववा लागला की याच गाडीत बसून माझ्याबरोबर चलायचं. घरचे काय म्हणतील याचा तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "गोट्याची गाडी आली का मी येते."

गोटे म्हणजे दगड, एवढं मला कळत होतं. पण गोट्याची गाडी? मी मागे वळून गाडीकडे पाहिलं. दाराच्या खालच्या अर्ध्या भागावरचा निळा रंग टिकल्या-टिकल्यांनी उडाला होता आणि प्रत्येक टिकलीतून जुना हिरवा डोकावत होता. मागच्या मडगार्डवर तर निळा शोधावा लागत होता. म्हणजे दगडांनी फोडलेली गाडी, असं हे लोक आपल्याला म्हणतात तर. पुढच्या थांब्यावर कान देऊन ऐकलं, तिथंही तेच नाव. भाऊंनाही ते ऐकू आलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दुनियेले देवी टोचून राह्यलो आपन," ते मला म्हणाले, "आन आपल्याच गाडीले देवी आल्या."

त्यांचं दुःख गाडीच्या अंगावरच्या व्रणांचं होतं. माझ्या मनात दुसरंच आलं. असाच रंग उडत राहिला तर होळीपर्यंत गाडी पुरती हिरवी होणार. हिरवी गाडी दिसली की माणसं झाडांत शिरणार. आणि ती बाई? ती टेकडीवरून हिरवी गाडी पाहील, ट्रकवाला समजेल आणि परत फिरेल. मला त्या विचारानं बेचैन करून सोडलं. रंग वाचवायचाच, असं आम्ही दोघांनी त्या दिवशी ठरवलं.

भाऊंचा पहिला उपाय सोपा होता. गिट्टी आली की गाडी हळू घ्यायची. हळू चालवली की दगड कमी उडत हे खरं, पण दिवसभरात निम्मे थांबेही होईनात, आणि पुढच्या झाडांपाशी पोचायच्या आत अंधार पडायला लागला. तो उपाय दोन खेपांत सोडला. मग त्यांनी पोती बांधली. तांदळाची रिकामी पोती दोरीनं दारांवर, मडगार्डवर, समोरच्या जाळीखाली. पायरी तेवढी पाय ठेवायला उघडी राहिली. गाडी गोणपाट पांघरून निघालेल्या हमालासारखी दिसायला लागली, पण भाऊ खुशीत होते. महिन्यानं पोती सोडली, तर खाली रंग जागोजागी पांढुरका पडून झिजलेला. मी बोटानं चाचपून पाहिलं. पोत्याच्या विणीतून बारीक मुरूम आत गेला होता, आणि गाडी हालेल तसं पोतं त्या मुरमासकट रंगावर घासत राहिलं होतं. दगडानं टिकल्या पाडल्या असत्या, आम्ही महिनाभर सगळी गाडीच घासून काढली होती.

थांब्यावरच्या एका म्हातारीनं ते पाहिलं आणि आपल्या ढोलीला लिंपतात तसं गाडीला शेणमाती लिंपायचं सुचवलं. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. भाऊंनी तोंड फिरवलं. मला मात्र राहवेना. मी मागच्या एका मडगार्डवर तिच्याकडून हातभर लिंपून घेतलं. हात असा सफाईनं फिरवला तिनं की बघत राहावं. वाळल्यावर ते पाच मैल टिकलं. सहाव्या मैलाला दगड बसला आणि सगळा पापुद्रा एकदम खाली आला. ढोली घरात एका जागी उभी असते, धानोऱ्याच्या रस्त्यानं पळत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात खरा प्रश्न आला. दगड येतो कुठून? आम्ही समोरच्या बाजूला जास्त पोती बांधली होती, कारण दगड समोरून येतो असं वाटत होतं. पण समोरच्या जाळीवर फारसे व्रण नव्हते. मग कोण मारतं दगड? दवाखान्याला चुना लावून उरलेली बादली मी गाडीत घातली, आणि एका नाल्याच्या अलीकडे, जिथं गिट्टी दाट होती, तिथं तीस-चाळीस पावलं रस्ता कुंच्यानं चुना मारून पांढरा केला. ओल्या चुन्यावरून भाऊंनी नेहमीच्या वेगानं गाडी न्यायची, आणि पांढरे डाग कुठे पडतात ते मी पाहायचं. भाऊंना वाटलं, बाईला ऊन लागलं.

एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. रस्त्याच्या दगडांना चुना लागला की मोठा साहेब येतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कुंचा मारत असतानाच दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली. मग आणखी. नाक्यावरचा जंगलखात्याचा नाकेदार धावत आला तो सदऱ्याची बटणं लावतच, आणि कोण साहेब येऊन राहिले ते हळूच विचारू लागला. एका म्हाताऱ्यानं तर फेटा बांधून आणला. एवढ्या लोकांसमोर आमची व्रणांनी भरलेली गाडी टणटणत त्या पांढऱ्या पट्ट्यावरून गेली आणि मी तिच्यामागे धावत जाऊन रस्त्यावर पालथी पडून तिच्या खाली डोकावले. नाकेदारानं बटणं पुन्हा काढली. म्हातारा मात्र फेटा न सोडता शेवटपर्यंत थांबला, न जाणो साहेब मागून येत असेल म्हणून.

पण डाग पाहून मी जागच्या जागी खूष झाले. समोर जेमतेम चार-पाच. पुढच्या चाकाच्या मागे, दाराच्या खालच्या भागावर आणि त्या पोकळ पायरीवर पांढऱ्या ठिपक्यांची नुसती रांगोळी. तशीच मागच्या मडगार्डच्या पुढच्या अंगाला. गाडी आपल्याच पुढच्या पायांनी दगड उचलून आपल्याच अंगावर मारून घेत होती. इतके दिवस आम्ही समोरच्या शत्रूसाठी पोती बांधत होतो. मी भाऊंचा हात धरून त्यांना ठिपके मोजून दाखवले. तेही वाकले, एकेक ठिपका पाहिला आणि त्यांनी मान डोलावली.

पुढचं काम सोपं होतं. गडचिरोलीच्या बाजारात टायरच्या तळाच्या चपला शिवणारा एक कारागीर बसे. त्याच्याकडून जुन्या टायरचे चार रुंद पट्टे कापून घेतले आणि प्रत्येक चाकाच्या मागे बोल्टनं लटकवले, जमिनीपासून वीतभर वर. पोकळ पायऱ्यांवर आणि दारांच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी सबंध लांबीची रबरी पट्टी ठोकली. मग भाऊंनी उरलासुरला निळा रंग टिकल्यांवर भरला. होळीच्या आधीच्या खेपेला आम्ही निघालो तेव्हा दगड उडत होते, रबरावर बसत होते आणि थप करून खाली पडत होते. धानोऱ्याला उतरून पाहिलं, एक टिकली नवी नव्हती. भाऊंनी मला चहा पाजला. तो रस्ता मी पहिल्यांदाच कानांत कापूस न घालता पार केला होता, आणि डोकं दुखत नव्हतं.

ती बाई तोवर दर खेपेला न चुकता येऊन गेली होती. प्रत्येक वेळी मी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखं काही साकळलं तर धोका. साकळत नव्हतं. तिला ते पाहायला फार आवडे. नळीशी डोळा लावून बसायची आणि काही दिसलं नाही की हसायची. आता सातवा संपत आला होता. खरी काळजी इथून पुढे होती.

रबर लावलेल्या त्या पहिल्याच खेपेला ती आली नाही. मोहाच्या झाडाखाली तासभर थांबलो. एकूणच माणसं कमी होती. मी स्वतःला समजावलं की मोहाची फुलं पडायला लागलीत, सगळं गाव पहाटेपासून टोपल्या घेऊन रानात असणार. पुढच्या खेपेला माणसं आणखी कमी, आणि ती नाहीच. थांब्यावर आलेल्या एकाला मी तिच्याबद्दल विचारलं, तो वेगळ्या गावचा निघाला. मला तेव्हाही मोहच आठवला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आमची खेप असे खरी, पण गाडी इतक्यांदा बिघडे, नाल्यात अडके, की त्या हिशेबावर कोणी येतच नसे. मग ही माणसं येतात तरी कशाच्या भरवशावर, हा प्रश्न माझ्यासारख्या खोदकाम खात्याला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी दाराचा निळा रंग पाहत होते आणि तो किती छान राहिलाय म्हणत होते.

तिसऱ्या खेपेला ती झाडाखाली दिसली नाही तेव्हा माझा धीर सुटला. नववा लागला असणार. भाऊंना म्हटलं, गाडी इथंच ठेवा, मी आत जाते. त्यांनी गाडी सोडून कुठे जायचं नाही असा नेम होता, पण त्या दिवशी त्यांनी किल्ली खिशात घातली आणि माझ्या पुढे चालायला लागले. टेकडीची चढण, मग उतार, मग धानाचे वाळलेले बांध. चढणीवर मी एकदा मागे वळून पाहिलं. रस्ता कुठेच दिसत नव्हता, नुसती झाडी. ह्या गावातून गाडीचा रंग कोणाला दिसणं शक्यच नव्हतं. काहीतरी चुकलंय एवढं तिथंच जाणवलं, पण काय ते अजून नीट उमगलं नव्हतं.

ती अंगणात बाजेवर बसली होती. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. डोकं दुखतं म्हणाली, मधेच दोन-दोन दिसतं म्हणाली. मी दिवा पेटवून नळी तापवली. यावेळी आत पांढरं साकळलं. तिनं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली नाही. मला इतका संताप आला होता, तिचा, तिच्या सासूचा, मोहाच्या फुलांचा, की मी तिच्यावर आवाज चढवला. इतकं सांगून ठेवलं होतं, तीन खेपा काऊन चुकवल्यास, म्हणून विचारलं. ती जरा गोंधळली. मग अगदी खरी माहिती विचारावी तसं तिनं मलाच विचारलं.

"रस्त्यावरचे गोटे सरले का, बाई? मी रोज आयकून राह्यली होती. गोटे वाजलेच नाई."

सासू पुढे गोंडीत बोलली; भाऊंना ती भाषा कळे, त्यांनी मला समजावून सांगितलं. इंजिनाचा आवाज सगळ्या गाड्यांना सारखाच. भोंगा सगळ्यांनाच. पण दगड वाजवत येणारी गाडी एकच. सकाळच्या वाऱ्यात तो टणटण आवाज नाल्याच्या वळणापासून टेकडीपल्याड ऐकू यायचा, आणि तो ऐकला की ही घरातून निघायची. आम्ही झाडाखाली गाडी लावून पेट्या उघडेपर्यंत ती पोचायची. गोट्याची गाडी म्हणजे गोटे वाजवत येणारी गाडी. त्या नावात आमच्या रंगाबद्दल काहीही नव्हतं. गेल्या दीड महिन्यात तिनं तीन-चारदा इंजिन ऐकलं होतं, आणि दर वेळी तिला वाटलं, ट्रक गेला.

दगड कुठून येतो हे मी चुना फासून शोधून काढलं होतं. तो कुठे लागतो, किती लागतो, सगळं मोजलं होतं. तो वाजतो हे मला ठाऊक होतं, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून मी कानांत कापूस घातला होता. इतक्या वेळा ही बाई माझ्यासमोर बसली, आणि तुला गाडी आल्याचं कळतं कसं, एवढा एक प्रश्न मी तिला विचारला नाही. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

पण लाजत बसायलाही वेळ नव्हता. सासूला मनवायला वेळ गेला नाही, सून जाईल ही भीती तिलाच जास्त होती. नवऱ्यानं आणि दिरानं बाज उचलली. टेकडी चढताना मी बाजेबरोबर चालत होते, तिचा हात माझ्या हातात होता, आणि झटका येतो की काय म्हणून माझा सगळा जीव तिच्या डोळ्यांत होता. झटका आला नाही. रस्त्यावर आलो, मागचं बाकडं काढून तिला गाडीत निजवलं. भाऊ पुढे बसायच्या ऐवजी खाली वाकले. पेटीतून चपलेच्या कारागिराची ती धारदार रापी काढली, जी पट्टे बसवताना मागून आणली होती आणि परत करायची राहिली होती, आणि डाव्या बाजूची रबरी पट्टी टोकापासून टोकापर्यंत कापून काढली. मग डाव्या बाजूच्या पुढच्या चाकामागचा पट्टा.

मी म्हटलं, भाऊ, आता उशीर करू नका. ते म्हणाले, "रस्त्यानं अजून माणसं आहेत, बाई. त्याईले आयकू जाऊ द्या."

गडचिरोलीला पोचेपर्यंत गाडी डाव्या अंगानं वाजत होती. वाटेतल्या दोन थांब्यांवर माणसं झाडांतून बाहेर आलेली मी पाहिली. आम्ही थांबलो नाही, पण हात करून सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर होते. तिसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडणारी. आईला एक झटका आलाच, पण तो दवाखान्यात आला आणि तिथं सावरला. आणखी आठवडा गेला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण मी ते तसंच घेतलं, आणि अजूनही घेते.

पावसाळ्यात आमच्या खेपा बंद असत. दिवाळीच्या आधी भाऊंनी पुन्हा कुठूनतरी निळा रंग मिळवला आणि गाडीची डावी बाजू वरपासून खालपर्यंत नवी केली. उजव्या बाजूला रबर होतं, तिला हात लावायची गरज नव्हती. मी त्यांना म्हटलं, डावीलाही पट्टी ठोकायची नसेल तर रंग कशाला, होळीपर्यंत हिरवी होणारच. ते ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धूत राहिले. पुढे मी तिथं होते तितकी वर्षं ते दर दिवाळीला डावी बाजू निळी करत आणि होळीपर्यंत ती हिरवी होई.

त्या वर्षीच्या पहिल्या खेपेला आम्ही नाल्यापाशी आलो. माझे कान मोकळे होते. गिट्टी तशीच पसरलेली होती, आणि गिट्टी आली की भाऊंचा पाय आपोआप ढिला पडायचा, तो तसा पडला. पहिला दगड नव्या निळ्या रंगावर बसला, टण्ण. भाऊंचे डोळे बारीक झाले, मला ते दिसले. मग त्यांनी टेकडीकडे एकदा पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

आम्ही मोहाच्या झाडाखाली थांबलो. मी पेटी उघडली, बाटल्या मांडल्या, दिवा पुसला. पायवाटेनं ती आली, धापा टाकत, पोरगी कडेवर. पोरीच्या कानाशी वाकून ती गोंडीत काहीतरी बोलत होती. काय सांगतेस तिला, मी विचारलं. या वेळी विचारलं.

"गोटे आले म्हनून सांगून राह्यली," ती म्हणाली.